‘कानाला काहीतरी वेगळंच ऐकू येतं’ – याला कोड कुठला द्यायचा?

चिमणचारा

नमस्कार मंडळी. मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोडमध्ये बसवण्याच्या कामात, मला दोन वर्षं झाली, त्यातले शेवटचे सहा महिने कान-नाक-घशाचे बाह्यरुग्ण चार्ट बघते आहे. क्लेम (विम्याचे दावे) अमेरिकेतले, त्यामुळे कोडसंच आयसीडी-१०-सीएम, तिथली आजारांच्या कोडची यादी. कालपासून एका चार्टपाशी घुटमळते आहे.

तक्रारीच्या जागी डॉक्टरांनी लिहिलंय, ‘सगळे आवाज फार मोठे वाटतात, भांडं आपटलं तरी सहन होत नाही, सहा आठवडे.’ कानाचे पडदे दोन्हीकडे ठीक. ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) झालाय, त्याची पानं जोडलेली आहेत. आणि निदानाच्या जागी एकच ओळ: ‘ॲबनॉर्मल ऑडिटरी परसेप्शन’, म्हणजे ऐकू येण्यात काहीतरी बिघाड, एवढंच. कुठला कान, ते नाही.

इंडेक्स (कोडची सूची) मला एच९३.२९ कडे नेतो. कानाची नोंद नाही म्हणून एच९३.२९९. टीम लीड म्हणतात, टाक आणि पुढे हो. पण वाचताना मला हे सरळ हायपरॅक्युसिस (साधे आवाजही सहन न होणं) वाटतं, आणि त्याला स्वतःचा कोड आहे, एच९३.२३. मी तो दिला तर चूक का? डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवावी का? आणि एकूणच एच९३.२ खालची ही मंडळी तुम्ही कशी हाताळता? अनुभव असतील तर सविस्तर लिहा.

(रुग्णाची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. जे दिलंय त्यातलंही थोडं बदललंय.)

शून्य_बाकी

आधी उत्तर देतो, कारण मागाहून. हायपरॅक्युसिसचा कोड स्वतःहून द्यायचा नाही. रुग्णाने सांगितलेलं वर्णन एका काठावर आणि डॉक्टरांनी लिहिलेलं निदान दुसऱ्या काठावर. मधली उडी मारण्याचा अधिकार कोडरला नाही, उत्तर कितीही उघड दिसत असलं तरी. बारा वर्षं ऑडिट करतोय. ‘मला वाटलं’ या दोन शब्दांवर जितके चार्ट परत आलेले पाहिलेत, तितके अज्ञानामुळे आलेले पाहिले नाहीत.

आता कुटुंबाची ओळख. एच९३.२१ रिक्रूटमेंट (हळू आवाज ऐकू न येणं, पण जरा वाढला की एकदम मोठा वाटणं), २२ डिप्लॅक्युसिस (एकच सूर दोन कानांत वेगळा ऐकू येणं), २३ हायपरॅक्युसिस, २४ तात्पुरता थ्रेशोल्ड शिफ्ट (ऐकणं काही काळ खाली जाणं), २५ सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर (कान ठीक, पण ऐकलेलं मेंदूत नीट न उलगडणं), आणि २९ म्हणजे उरलेलं सगळं. सहावा आकडा कानाचा: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ नोंद नाही. अपवाद २५ चा. तो पाच अक्षरांवरच संपतो, कारण गोष्ट मेंदूतल्या प्रक्रियेची आहे, एका कानाची नाही. त्याला सवयीने ३ जोडलात की कोड अवैध आणि क्लेम दारातूनच परत.

जुन्या आयसीडी-९ मध्ये ३८८.४० हा ‘अनिर्दिष्ट’ म्हणून वेगळा कप्पा होता. १ ऑक्टोबर २०१५ ला नवा संच लागू झाला तेव्हा या गटात तसा कप्पा उरला नाही. त्यामुळे मोघम लिहिलेलं सगळं २९ मध्ये येऊन पडतं. २९ चा खरा अर्थ ‘नेमकं माहीत आहे, पण त्याला वेगळा कोड नाही’ असा. वापर मात्र ‘नेमकं माहीत नाही’ यासाठी होतो.

तुमच्या चार्टला क्वेरी पाठवा.

खटपट्या

एक गंमत सांगू? या कोडसंचात डोळे आणि कान एकाच अक्षरात राहतात. एच०० ते एच५९ डोळा, एच६० ते एच९५ कान. म्हणजे जगाने मिळून ‘कानाडोळा’ या शब्दासाठी एकच अक्षर राखून ठेवलंय! चिमणचारा, तुम्ही तो केला नाहीत, म्हणून अभिनंदन.

शिकाऊ_०७

खटपट्या, परीक्षेच्या तयारीत हे कधीच विसरणार नाही आता. :)

माझा बाळबोध प्रश्न: कानात शिट्टी वाजते, ते पण २९ मध्येच ना?

शून्य_बाकी

@शिकाऊ_०७, नाही. कर्णनाद, म्हणजे टिनिटस, त्याचं घर वेगळं. एच९३.११ उजवा, १२ डावा, १३ दोन्ही, १९ नोंद नाही. इथे कानाचा आकडा पाचव्या जागी येतो, सहाव्या नाही, हे लक्षात ठेवा. आणि नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप ऐकू येत असेल तर तिसरंच घर, एच९३.ए. ते १ ऑक्टोबर २०१६ पासून मिळालं. तो फरक करणं योग्यच होतं. धपधपणारा कर्णनाद रक्तवाहिनीकडे बोट दाखवू शकतो आणि पुढच्या तपासण्या बदलतात. नोंदीत नुसतं ‘टिनिटस’ असेल तर मात्र धपधप आपण कल्पनेने घालायची नाही.

कर्णफूल

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याच्या चाचण्या करते. कोडिंग माझा प्रांत नाही, पण ज्या पानावर तुमची नजर जात नाही ते पान मी लिहिते, म्हणून बोलते.

चिमणचारा, जोडलेल्या पानांत ऑडिओग्रामचा आलेख तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खाली किंवा मागच्या पानावर ‘एलडीएल’ किंवा ‘यूसीएल’ असं काही आहे का बघा. म्हणजे आवाज वाढवत नेल्यावर रुग्ण ज्या पातळीला ‘आता पुरे’ म्हणतो ती. साधारण कानाला ती १०० डेसिबलच्या आसपास येते. ऐकू येण्याचा उंबरठा चांगला, अगदी १०-१५ ला, आणि ‘पुरे’ मात्र ७० लाच, असं दिसलं तर चित्र हायपरॅक्युसिसचं. उंबरठाच ५५ ला गेलेला आणि ‘पुरे’ ८५ ला, तर मधली पट्टी फक्त ३० डेसिबलची उरते. हे रिक्रूटमेंटचं चित्र. रुग्ण दोघेही एकच वाक्य बोलतात, ‘आवाज फार मोठा वाटतो’. आजार दोन वेगळे, उपायही वेगळे.

म्हणून मी अहवालात आकडे लिहितेच, शिवाय रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिते. ‘पिशवी चुरगाळली की कानात सुई टोचते’ यातून जे कळतं ते ‘ध्वनी असहिष्णुता’ यातून कळत नाही.

पिंपळपान

कर्णफूल ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून अक्षरशः उठून बसलो. मी ना कोडर ना डॉक्टर, शीर्षक बघून आत आलो.

माझे वडील ७८ वर्षांचे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे रोजची कसरत. हळू बोललो की ‘तोंडातल्या तोंडात बोलू नकोस’. जरा आवाज चढवला की लगेच ‘ओरडतोस कशाला, बहिरा नाही मी’. आम्हाला वाटायचं वयामुळे चिडचिड वाढली आहे. दोन वर्षं आम्ही त्यांना हट्टी समजत होतो. आई तर म्हणायची, हवं तेवढंच ऐकतात. ती मधली पट्टी ३० डेसिबलची असू शकते, हे कुणी सांगितलं असतं तर घरातले किती शब्द वाचले असते.

याला नाव आहे हे आज कळलं. रिक्रूटमेंट.

कर्णफूल

@पिंपळपान, तुमचे वडील चिडत नव्हते, त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं. अंतःकर्णातल्या केसपेशी गेल्या की हळू आवाज पोचत नाहीत, पण उंबरठा ओलांडल्यावर मोठेपणा फार भरभर चढतो. यंत्र लावलं असेल तर त्यातली कमाल पातळी आणि कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबण्याची सोय) पुन्हा जुळवून घ्या. आणि बोलताना समोर बसून, नेहमीच्या आवाजात, सावकाश बोला. अंतर कमी करा, आवाज वाढवू नका. नक्की फरक पडेल.

अर्धामात्रा

इथे कुणी डिप्लॅक्युसिसबद्दल लिहिलं नाही, म्हणून माझं सांगतो. मी गातो. चार वर्षांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान बंद. अचानक आलेलं बहिरेपण म्हणून स्टेरॉइड सुरू झाली. ऐकणं बरंचसं परत आलं. पण रियाजाला बसलो आणि हादरलो. एकच सा उजव्या कानात जिथल्या तिथे, डाव्यात जवळजवळ अर्धा सूर वर. स्वतःचा आवाज लावला की दोन माणसं बेसूर गातायत असं वाटे. मी तीन दिवस कुणाला सांगितलंच नाही. वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ‘होईल कमी’ म्हणून विषय संपवला आणि कागदावर काहीच लिहिलं नाही. त्यांच्या लेखी मी बरा झालो होतो, ऑडिओग्राम सुधारला होता. पुढच्या भेटीत नवे डॉक्टर होते, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनी मात्र ट्यूनिंग फोर्क घेऊन एकदा या कानाशी, एकदा त्या कानाशी धरला आणि विचारलं, ‘दोन्हीकडे सूर तोच आहे का?’ तो प्रश्न ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत तो फरक विरत गेला.

कोड मला कळत नाही. पण दुखणं कागदावर उतरणं म्हणजे काय असतं, ते मला कळलंय.

शून्य_बाकी

@अर्धामात्रा, तुमची गोष्ट मी माझ्या नव्या मुलांना सांगणार आहे, नाव न घेता. डॉक्टरांनी लिहिलं असतं तर अचानक बहिरेपणाचा एच९१.२२ आणि सोबत डिप्लॅक्युसिसचा एच९३.२२ गटातला कोड, असे दोन्ही गेले असते, आणि नव्या डॉक्टरांना पान उघडताक्षणी कळलं असतं.

तुळशीकट्टा

माझा अनुभव थोडा वेगळा, आणि अजून संपलेला नाही.

माझी आत्या ८१ वर्षांची, लेकाकडे अमेरिकेत असते. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. गेल्या वर्षीपासून तिला संध्याकाळी गाणी ऐकू येतात. लहानपणी ऐकलेली, ओळ न् ओळ. घरात रेडिओ बंद, तरी. तिला पक्कं माहीत आहे की गाणं बाहेर कुठे वाजत नाही. ती स्वतःच म्हणते, ‘अगं, माझ्या कानातच भजनी मंडळ बसलंय.’ ना घाबरते, ना कुणाशी भांडते. बाकी सगळं लख्ख. हिशोब तिचाच चालतो घरात.

एका दवाखान्यात तिने हे सरळ सांगितलं. भेटीच्या सारांशात आलं: ‘आर४४.० श्रवणभ्रम’. एवढंच. बहिरेपणाचा उल्लेख नाही, तिला जाण आहे याचा उल्लेख नाही. त्यानंतर ती जिथे जिथे गेली तिथे पहिला प्रश्न, ‘आवाज तुम्हाला काही करायला सांगतात का?’ गुडघा दाखवायला गेली तरी तोच प्रश्न. आता ती गाण्यांबद्दल कुणाशी बोलत नाही. माझ्याशीसुद्धा फोनवर विषय बदलते. कोड चुकला ना हा? एच९३.२९ यायला हवा होता ना?

शून्य_बाकी

@तुळशीकट्टा, वाईट वाटलं वाचून. पण खोटा दिलासा देणार नाही. कोड बहुधा चुकलेला नाही. एच९३.२ च्या खालीच टीप आहे की श्रवणभ्रम इथला नाही, आर४४.० कडे जा. डॉक्टरांनी ‘हॅल्युसिनेशन’ लिहिलं की कोडर तिथेच जाणार. आर४४.० हा मानसिक आजारांच्या प्रकरणातला कोडही नाही, तो लक्षणांच्या प्रकरणात आहे. कमी पडली ती नोंद. ती टीप ‘एक्सक्लूड्स २’ प्रकारची आहे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात असू शकतात आणि दोन्ही लिहिता येतात. शेजारी दोन्ही कानांच्या संवेदी बहिरेपणाचा एच९०.३ असता, तर वाचणाऱ्याला चित्र दिसलं असतं.

नाककानघसा

दोन दिवस धागा वाचतोय, आता राहवत नाही. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, आणि इथे थोडी आमचीही बाजू मांडतो.

@तुळशीकट्टा, आधी तुमच्या आत्याबद्दल. वाढत्या बहिरेपणात ओळखीची गाणी ऐकू येणं हे आम्हाला माहीत असलेलं चित्र आहे. बाहेरून येणारा आवाज आटला की मेंदू साठवणीतलं वाजवू लागतो, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. बऱ्याच जणांना श्रवणयंत्र नीट लावल्यावर ते कमी होतं. औषधांची यादी एकदा तपासून घ्या, आणि हे नव्याने सुरू झालंय म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाचं मतही घ्या. तिला एवढं मात्र आजच सांगा की तिची बुद्धी शाबूत आहे.

नोंदीबद्दल: तिथल्या हिपा (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) नियमानुसार रुग्ण स्वतःच्या नोंदीत दुरुस्ती मागू शकतो. लेखी अर्ज द्यायचा. दवाखान्याला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर एकदा ३० दिवस वाढवून घेता येतात. ‘कोड बदला’ असं मागू नका. ‘दोन्ही कानांचं बहिरेपण, रुग्णाला पूर्ण जाण, मानसिक आजाराचा इतिहास नाही, ही माहिती जोडा’ असं मागा.

आता आमची बाजू. आमच्यासमोरच्या पडद्यावर निदानाची यादी उघडते. ‘ऑडि’ टाइप केलं की पहिल्या पाचांत ‘ॲबनॉर्मल ऑडिटरी परसेप्शन’ येतं. बाहेर माणसं ताटकळलेली असतात. ती ओळ आळसातून येते असं कृपया समजू नका. बऱ्याचदा पहिल्या भेटीत आम्हाला खरंच ठरवता आलेलं नसतं. आणि बाह्यरुग्ण नोंदीत ‘शंका’, ‘संभाव्य’ लिहिलं तर तुम्ही ते निदान म्हणून कोड करू शकत नाही. मग आम्ही काय लिहायचं?

शून्य_बाकी

डॉक्टर, बरोबर आहे. बाह्यरुग्णात ‘संभाव्य’ कोड होत नाही, लक्षणच कोड होतं. पण ‘संभाव्य हायपरॅक्युसिस’ लिहू नका असं आम्ही म्हणत नाही, जरूर लिहा, पुढच्या भेटीला उपयोगी पडतं. फक्त दोन गोष्टी त्याच दिवशी, पहिल्या भेटीतही, पक्क्या माहीत असतात: कुठला कान आणि कधीपासून. त्या लिहायला चार शब्द लागतात.

नाककानघसा

मान्य. कुठल्या कानाला, हे न लिहिण्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

@चिमणचारा, तुमच्या चार्टकडे येतो. एकाच बाजूचा त्रास, अचानक सुरू, सहा आठवडे, पडदे ठीक. मी तुमच्या जागी असतो तर पूर्वइतिहासात ‘चेहरा’ हा शब्द शोधला असता. मधल्या कानातला स्टेपिडियस हा इवलासा स्नायू मोठ्या आवाजाला लगाम घालतो, आणि त्याला चालवते ती चेहऱ्याची नस. बेल्स पाल्सीत (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याच्या आजारात) ती नस वरच्या भागात सुजली की तोंड वाकडं होतंच, शिवाय त्या बाजूचे आवाज अंगावर येतात. बघा तर.

खटपट्या

डॉक्टर, एकाच बाजूचा त्रास हे तुम्हाला कुठून कळलं? चिमणचारा म्हणाल्या की कानाची नोंदच नाही.

नाककानघसा

@खटपट्या, पकडलंत. ते मी मनाने धरलं. शून्य_बाकींनी सुरुवातीलाच ज्या ‘मला वाटलं’बद्दल सांगितलं तेच माझ्याकडून झालं. तरी पूर्वइतिहास बघाच.

भोंगा

मी कारखान्यात औद्योगिक परिचारिका होते, आता निवृत्त. एच९३.२४ बद्दल सांगते, कारण त्याच्या नोंदीत वेळेचं महत्त्व कुणाच्या लक्षात येत नाही.

पाळी संपवून माणूस थेट तपासणीला आला की त्याचं ऐकणं खाली गेलेलं दिसतं. ते तात्पुरतं असू शकतं, रात्रभर शांततेत गेल्यावर वर येतं. म्हणून अमेरिकेतल्या ओशाच्या (कामगार-सुरक्षा खात्याच्या) नियमात पायाभूत ऑडिओग्रामच्या आधी किमान १४ तास कामावरच्या गोंगाटापासून दूर राहण्याची अट आहे. नंतरच्या वार्षिक चाचणीत २०००, ३००० आणि ४००० हर्ट्‌झची सरासरी १० डेसिबल किंवा त्याहून जास्त घसरली तर तो ‘स्टँडर्ड थ्रेशोल्ड शिफ्ट’, आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा चाचणी घेता येते. पुन्हा घेतल्यावर वर आलं तर ते तात्पुरतं होतं. नाही आलं तर गोष्ट एच८३.३ कडे जाते, गोंगाटाने अंतःकर्णाला झालेली इजा.

मी प्रत्येक पानावर वरती लिहायचे: शेवटचा गोंगाट किती वाजता, चाचणी किती वाजता, कानात बोंडं होती की नव्हती. एका माणसाच्या नुकसानभरपाईचा निकाल त्या तीन ओळींवर लागला. समोरचे म्हणत होते, चाचणी दमलेल्या कानाची आहे. माझ्या पानावर होतं, ‘१६ तासांपूर्वी’.

ओलीमाती

भोंगा मावशी, साष्टांग नमस्कार.

मी एच९३.२५ ची आई. माझ्या मुलाला प्रत्येक तपासणीत ‘ऐकणं उत्तम’ असा शेरा मिळायचा. आणि वर्गात बाईंनी ‘वही काढा’ म्हटलं की हा शेजारच्या मुलाकडे बघून मग काढायचा. घरी एकट्याशी बोललं तर सगळं समजे. पंखा लागला, दुसरं कुणी बोलू लागलं, की संपलं. ‘काय?’ हा त्याचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द.

सातव्या वर्षानंतर सविस्तर चाचणी झाली. दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे आकडे, गोंगाटातले शब्द, आवाजांमधलं बारीक अंतर ओळखणं. निदान झालं. पण क्लेम अडकला. कारण जुन्या कागदावर भाषेच्या तज्ज्ञांनी एफ८०.२ (भाषा समजण्या-बोलण्यातला विकार) लिहिलेलं होतं, आणि नव्या बिलात दोन्ही एकत्र गेले. कुणी नीट सांगेना की अडलं कुठे.

शून्य_बाकी

@ओलीमाती, अडलं ते इथे: एच९३.२५ आणि एफ८०.२ यांच्यात ‘एक्सक्लूड्स १’ आहे. मघाशी आत्याच्या बाबतीत होतं ते २, दोन्ही चालतात. हे १, एकत्र चालत नाहीत. ऐकलेलं समजायला आणि बोलायला जड जातं ते भाषेमुळे की श्रवण-प्रक्रियेमुळे, हे डॉक्टरांनी ठरवून एक लिहायचं. दोन्ही खरोखर असंबंधित असतील तर अपवाद आहे, पण ते तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

ओलीमाती

शेवटी तसंच झालं. ऑडिओलॉजिस्टनी पत्र दिलं, जुना कोड काढला गेला. चार महिने गेले त्यात. मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो आणि बाईंच्या गळ्यातल्या माइकचा आवाज थेट त्याच्या कानात येतो. परवा म्हणाला, ‘आई, बाई किती हळू बोलतात, तरी कळतं!’

चिमणचारा

मंडळी, काल रात्री चार्ट पुन्हा उघडला. सगळी पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कर्णफूल ताई, दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. उंबरठे दोन्हीकडे १० ते १५. ‘पुरे’ची पातळी उजवीकडे १००, डावीकडे ७०. त्याखाली रिफ्लेक्सचा तक्ता (मोठ्या आवाजाला तो स्टेपिडियस स्नायू आकसतो का; ज्या कानाचा स्नायू बघायचा त्यात प्रोब): प्रोब डाव्या कानात असताना रिफ्लेक्स नाही, आवाज कुठल्याही कानात द्या. प्रोब उजवीकडे असताना दोन्हीकडून आहे. आणि ऑडिओलॉजिस्टचं वाक्य: ‘त्रास फक्त डाव्या कानाला.’

डॉक्टर, पूर्वइतिहासात खाली स्क्रोल केल्यावर सापडलं: ‘सात आठवड्यांपूर्वी दुसरीकडे बेल्स पाल्सीसाठी उपचार, चेहरा सुधारतो आहे.’ कुठली बाजू ते नाही. मी तीन वेळा हा चार्ट वाचला होता आणि ती ओळ माझ्या नजरेतून तीनही वेळा सुटली.

कर्णफूल

हा तक्ता म्हणजे जणू त्या नसेचा नकाशा आहे! डावीकडून दिलेला आवाज उजवीकडचा रिफ्लेक्स उठवतो, म्हणजे डावा कान ऐकतोय आणि संदेश मेंदूपर्यंत जातोय. फक्त डावीकडचा स्नायू हलत नाही.

शिकाऊ_०७

मग आता बेल्स पाल्सीचा जी५१.० आणि डाव्या कानाच्या हायपरॅक्युसिसचा एच९३.२३२, दोन्ही देऊन टाकायचे ना?

शून्य_बाकी

थांबा. अजूनही कुणी डॉक्टरांनी ‘हायपरॅक्युसिस’ लिहिलेलं नाही. बाजूपुरतं बोलायचं तर १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या (इथे ऑडिओलॉजिस्टच्या) नोंदीतून ती घेता येते. म्हणजे ‘डावा’ आपल्याला मिळाला, निदान नाही मिळालं. क्वेरी लिहा, पण उत्तर सुचवू नका. चार्टमधले पुरावे जसेच्या तसे मांडा आणि विचारा. पर्याय दिलेत तर त्यात ‘इतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही हवेत.

चिमणचारा

असं लिहिलं: ‘नोंदीत ॲबनॉर्मल ऑडिटरी परसेप्शन असे निदान आहे. रुग्णाची तक्रार, दोन्ही कानांच्या एलडीएल पातळ्या, रिफ्लेक्सचा निकाल आणि पूर्वइतिहासातली बेल्स पाल्सीची नोंद खाली दिली आहे. या आधारे निदान अधिक नेमके करता येत असल्यास, तसेच त्याचे कारण असल्यास, कृपया नोंदवावे.’ खाली पर्याय: हायपरॅक्युसिस, रिक्रूटमेंट, इतर, ठरवता येत नाही. टीम लीडना दाखवलं. त्या पाच मिनिटं वाचत बसल्या आणि म्हणाल्या, पाठव.

नाककानघसा

अशी क्वेरी मला आली तर मी त्रासून न जाता उत्तर देईन. बहुतेक वेळा येतं ते ‘कृपया स्पष्ट करा’ एवढंच. काय स्पष्ट करू, तेच कळत नाही.

तुळशीकट्टा

डॉक्टर, आत्याच्या लेकाने अर्ज दिला. तुम्ही सांगितलेलं वाक्य जवळपास तसंच घातलं. आणि मी तिला फोनवर सांगितलं की हे कानामुळे आहे, अनेकांना होतं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मी सांगितलं तर चालेल?’ आणि आज कुठलं गाणं वाजतंय ते सांगितलं. जवळजवळ सगळं म्हणून दाखवलं.

पिंपळपान

वडिलांच्या यंत्राची सेटिंग बदलून आणली. कालच्या जेवणात कुणी कुणावर ओरडलं नाही.

चिमणचारा

चार दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरांनी पुरवणी जोडली आहे: ‘डाव्या कानाचा हायपरॅक्युसिस, डाव्या बाजूच्या बेल्स पाल्सीमुळे स्टेपिडियस रिफ्लेक्स नसल्याने. तीन महिन्यांनी रिफ्लेक्स पुन्हा तपासणे.’ मी जी५१.० आणि एच९३.२३२ दिले. आमच्याकडे यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, हायपरॅक्युसिस हा बेल्स पाल्सीचाच भाग, वेगळा कोड कशाला?

शून्य_बाकी

जे लक्षण आजारात नेहमीच येतं ते वेगळं देत नाही, जे नेहमी येत नाही ते देतो. बेल्स पाल्सीच्या प्रत्येक रुग्णाला हायपरॅक्युसिस होत नाही, नस कुठे सुजली त्यावर ते ठरतं. इथे तर रुग्ण आलाच त्यासाठी, चाचणी झाली त्यासाठी, पुढची तपासणीही त्यासाठीच. माझ्या ऑडिटमध्ये हे दोन्ही कोड टिकतील.

कर्णफूल

चिमणचारा, तीन महिन्यांनंतरचा चार्ट तुमच्याकडे आला तर रिफ्लेक्सचं पान आधी उघडा. प्रोब डाव्या कानात असतानाची रांग.

चिमणचारा

तारीख वहीत लिहून ठेवली आहे, ताई.